एका गोळीचा खेळ आणि त्याची अनेक घरे
प्रस्तावना

‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये तुमची एकच गोळी एका वेळी पडद्यावर असू शकते. ती लागली तर लगेच दुसरी झाडता येते. नेम चुकला तर ती पार वर जाऊन विझेपर्यंत हात बांधलेले, आणि खालची तोफ नुसती डावी-उजवीकडे जीव वाचवत पळणार. हा नियम यंत्रावर कुठे लिहिलेला नसतो. पहिल्या दोन-चार डावांत तो बोटांना कळतो, मग डोक्याला. कळला की बटण बडवणारा माणूस थांबायला शिकतो, शत्रूच्या किती पुढे गोळी सोडायची याचा हिशेब करू लागतो. १९७८ चा हा खेळ आजही खेळावासा वाटतो तो अशा मोजक्या कडक नियमांच्या जोरावर. आकाश, उडती तबकडी, परग्रहावरचे प्राणी हा सगळा साज त्या नियमांवर चढवलेला आहे.

मराठीत व्हिडिओ गेमबद्दल जे लिहिले जाते ते बहुतेक दोन तऱ्हांचे असते. एकात मुलांच्या डोळ्यांची आणि अभ्यासाची काळजी असते, दुसऱ्यात लहानपणीच्या आठवणींचा उमाळा. दोन्हींना आपापली जागा आहे. पण नाटकाच्या नेपथ्याबद्दल किंवा गाण्याच्या चालीबद्दल आपण ज्या बारकाईने बोलतो, त्या बारकाईने एखाद्या खेळाच्या रचनेबद्दल बोललेले मराठीत फारसे सापडत नाही. तो कोणी रचला, कोणत्या यंत्रावर रचला, यंत्राने कुठे अडवले आणि त्या अडवणुकीतून काय हाती लागले, हे प्रश्न विचारण्यासारखे आहेत असेच मुळी आपण धरत नाही. हे पुस्तक एकाच खेळाला हे प्रश्न विचारते, आणि मग तोच खेळ निरनिराळ्या घरगुती यंत्रांवर कसा गेला ते पाहते.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी आधी त्याची मांडणी सांगतो. वर पाच रांगांत प्रत्येकी अकरा असे पंचावन्न शत्रू. सगळा जथा एका बाजूला सरकतो, कडेला पोहोचला की एक पायरी खाली उतरतो आणि उलट दिशेने निघतो. खालच्या दोन रांगांतल्या प्राण्याला मारले की १० गुण, मधल्या दोन रांगांत २०, सगळ्यांत वरच्या रांगेत ३०. अधूनमधून माथ्यावरून एक तबकडी जाते, ती पाडली तर जास्त गुण. तोफेपुढे चार आडोसे असतात. ते शत्रूच्या गोळ्यांनी झिजतात आणि आपल्याही. शत्रू जमिनीला टेकला की हातात कितीही तोफा शिल्लक असल्या तरी डाव संपला. एक फौज संपवली की दुसरी उभी राहते, आधीपेक्षा खालून सुरुवात करणारी. या खेळात शेवटी हरायचेच असते. किती वेळ तग धरला आणि किती गुण झाले, एवढेच हातात राहते. म्हणून सर्वोच्च गुणसंख्या पडद्यावर कायम समोर ठेवलेली असते. गुणसंख्या मिरवण्याची ही पद्धत आधीच्याही काही यंत्रांत होती, पण ती जगभर रुळली ती या खेळामुळे.

हा खेळ तोमोहिरो निशिकादो यांचा. जन्म १९४४ चा, ओसाका प्रांतातला. शिक्षण टोकियो डेंकी विद्यापीठात. ते ज्या टायटो समूहात काम करत होते तो मायकेल कोगन या ओडेसात जन्मलेल्या उद्योजकाने १९५३ मध्ये टोकियोत सुरू केला होता, आणि विक्रीयंत्रे, ज्यूकबॉक्स असा प्रवास करत तो नाण्यावर चालणाऱ्या खेळांपर्यंत आला होता. निशिकादो यांचा १९७५ चा ‘वेस्टर्न गन’ हा दोन गुराख्यांच्या गोळीबाराचा खेळ अमेरिकेत मिडवे कंपनीने ‘गन फाइट’ नावाने नव्याने बनवला, आणि बनवताना त्यात मायक्रोप्रोसेसर बसवला. तोवरचे व्हिडिओ गेम म्हणजे सुट्या चिप्सचे जाळे असायचे. नियम बदलायचा तर सर्किट बदलावे लागे. आपला मूळ खेळच जास्त रंगतो असे निशिकादो यांना वाटले, पण त्या प्रोसेसरमुळे चित्रे किती सफाईने हलतात हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

दुसरा धागा अटारीच्या १९७६ च्या ‘ब्रेकआउट’चा. भिंतीतली एकेक वीट फोडत शेवटची वीट उडवण्यात जे समाधान आहे ते निशिकादो यांना हवे होते. फक्त त्यांच्या विटा चालणाऱ्या आणि उलट मारा करणाऱ्या होत्या. शत्रू म्हणून त्यांनी रणगाडे करून पाहिले, विमाने करून पाहिली. त्यांची हालचाल जमेना. माणसाची आकृती मात्र छान चालत होती, पण माणसांवर गोळ्या झाडायच्या नाहीत अशी वरून ताकीद आली. मग एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीतल्या मंगळवासीयांची आठवण कामी आली. अष्टपादासारख्या त्या प्राण्यांवरून त्यांनी समुद्रजीवांचेच आकार घेतले: खालच्या रांगांत अष्टपाद, मध्ये खेकडा, वर माकूल. खेकडा अकरा पिक्सेल रुंद आणि आठ पिक्सेल उंच आहे. तेवढ्या चौकडीत दोन शिंगे, दोन डोळे आणि वर-खाली होणारे हात बसवलेले आहेत, आणि दोन चित्रांची आलटापालट केली की तो चालू लागतो. आज पॅरिसच्या भिंतींवर फरशीच्या तुकड्यांतून जो प्राणी दिसतो, टी-शर्टांवर आणि कीचेनवर जो दिसतो, तो या वंशातला. एकही पिक्सेल काढला तर त्याचा तोल जाईल.

यंत्राची क्षमता आजच्या वाचकाला खरी वाटणार नाही. इंटेल ८०८० हा प्रोसेसर, वेग दोन मेगाहर्ट्झ. आठ किलोबाइट स्मृतीतले सात किलोबाइट पडद्याच्या चित्रालाच लागत, कारण २५६ गुणिले २२४ ठिपक्यांपैकी प्रत्येकाचे ‘आहे की नाही’ लिहून ठेवावे लागे. बाकी सगळ्या हिशेबाला उरले एक किलोबाइट. एखादी आकृती दोन-तीन ठिपके बाजूला सरकवणेसुद्धा या प्रोसेसरला जड जाई, म्हणून त्या सरकवण्यासाठी बाहेर वेगळे सर्किट जोडलेले होते. चित्र काळे-पांढरेच, हिरवा आणि लाल दिसतो तो पडद्यावर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्यांमुळे. अमेरिकेतल्या उभ्या कपाटात तर पडद्याचे प्रतिबिंब आरशातून दाखवत आणि मागे चंद्रभूमीचे रंगवलेले चित्र ठेवत. हे सगळे यंत्र आणि त्यावर प्रोग्राम लिहिण्याची साधने निशिकादो यांनी स्वतःच उभी केली. त्याला साधारण वर्ष लागले.

या पुस्तकाचा कणा असलेली गोष्ट इथेच घडते. पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगतो, आणि प्रत्येक वेळी हा प्रोग्राम एकाच शत्रूला हलवतो. पंचावन्न शत्रू असताना सगळ्या फौजेचे एक पाऊल पडायला जवळजवळ सेकंद जातो, म्हणूनच ती रांगेरांगेने लाट यावी तशी हलताना दिसते. शत्रू मरत गेले की पाळी लवकर येते. अर्धे उरले की वेग दुप्पट. शेवटचा एकटा उरतो तेव्हा सेकंदाला साठदा त्याचीच पाळी, आणि तो पडद्यावरून अक्षरशः धावत सुटतो. निशिकादो यांच्या हे लक्षात आले तेव्हा त्यांनी ते तसेच राहू दिले. त्याच्या जोडीला चार खर्जातल्या सुरांचा उतरता ठोका, तोही शत्रू घटतील तसा जलद होत जाणारा. जिंकत जाऊ तसे संकट वाढावे ही नाट्याची जुनी युक्ती इथे प्रोसेसरच्या मंद चालीतून जन्मली. खेळरचनेच्या इतिहासात मला याहून सुंदर उदाहरण माहीत नाही.

सुरुवातीला गेम पार्लर चालवणाऱ्यांचा प्रतिसाद थंड होता. नंतर जे घडले ते जपानच्या सामाजिक इतिहासात नोंदले गेले आहे. कॉफीगृहांतली टेबले काढून त्या जागी काचेखाली पडदा असलेली टेबले आली, केवळ याच खेळाची यंत्रे ठेवणारी ‘इन्व्हेडर हाउस’ निघाली. शंभर येनच्या नाण्यांचा देशभर तुटवडा पडला ही कथा तेव्हापासून सांगितली जाते. टाकसाळीचे आकडे तिला दुजोरा देत नाहीत, म्हणून मी ती या पुस्तकात दंतकथा म्हणूनच घेतली आहे. मला त्याहून मोलाचे वाटते ते खेळणाऱ्यांनी लावलेले शोध. तबकडीचे गुण नशिबाने मिळतात असे वाटते, पण ते झाडलेल्या गोळ्यांच्या संख्येवर ठरतात: तेविसाव्या गोळीला, आणि त्यानंतर दर पंधराव्या गोळीला ३०० गुण. हे कुणी छापून सांगितले नव्हते, मुलांनी मोजून काढले. शत्रू अगदी खालच्या पायरीवर आला की त्याची गोळी तोफेला लागतच नाही, हेही असेच सापडले, आणि मुद्दाम त्याला तिथवर येऊ देऊन मारण्याच्या धाडसी तंत्राला नागोया शहराचे नाव मिळाले. लोकांनी खेळ नुसता खेळला असे नाही, त्यांनी तो वाचला.

नेमबाजीच्या खेळांच्या मोठ्या घराण्यात याची जागा कुठे? आधी १९६२ मध्ये एमआयटीच्या पीडीपी-१ संगणकावरचा ‘स्पेसवॉर’ होता, आणि त्याच्यापासून स्फूर्ती घेतलेला १९७१ चा नाण्यावर चालणारा ‘कॉम्प्युटर स्पेस’. त्यांत यानांचे द्वंद्व आणि भौतिकीचे नियम यांना महत्त्व होते. स्पेस इन्व्हेडर्सने एकटा माणूस आणि फौज अशी मांडणी केली, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तिला कितीतरी फांद्या फुटल्या. नामकोच्या ‘गॅलॅक्सियन’ने १९७९ मध्ये शत्रूंना रंग दिले आणि रांग सोडून झेपावायला शिकवले, १९८१ चा ‘गॅलागा’ त्याचाच पुढचा अवतार. अटारीच्या ‘ॲस्टेरॉइड्स’ने तोफेला जमिनीवरून सोडवून चारी दिशांना फिरवले. विल्यम्सच्या ‘डिफेंडर’मध्ये यूजीन जार्व्हिस यांनी पडद्यापेक्षा कितीतरी रुंद रणभूमी उभी केली. आडव्या सरकत्या पडद्याची शाखा ‘ग्रेडियस’ आणि ‘आर-टाइप’पर्यंत गेली, उभ्या सरकत्या पडद्याची शाखा ‘झेवियस’पासून निघून नव्वदच्या दशकात पडदाभर गोळ्यांची नक्षी उमटवणाऱ्या खेळांपर्यंत पोहोचली. तिथे खेळणारा शेकडो गोळ्यांच्या फटींतून वाट काढतो. एकाच गोळीच्या शिस्तीपासून हे किती दूर आले, आणि तरी नाते ओळखू येते.

आपल्याकडच्या वाचकाची या घराण्याशी ओळख बहुधा फार उशिरा झाली, आणि ती आर्केडमधून, म्हणजे नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांच्या खेळघरांतून, झाली नाही. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० या फोनमध्ये ‘स्पेस इम्पॅक्ट’ नावाचा खेळ होता. ८४ गुणिले ४८ ठिपक्यांच्या एकरंगी पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाणारे यान, समोरून येणारे शत्रू. एसटीच्या प्रवासात, कॉलेजच्या कट्ट्यावर ज्यांनी तो खेळला त्यांनी याच घराण्याची एक धाकटी शाखा हाताळली आहे. त्यांना या पुस्तकातले बरेच काही ओळखीचे वाटेल.

आता घरगुती आवृत्त्यांकडे येतो, कारण पुस्तकाची निम्म्याहून अधिक पाने त्यांच्यावर खर्ची पडली आहेत. आर्केडचा खेळ घरी आला की तो ‘पोर्ट’ म्हणवला जातो, आणि त्याचे मोजमाप मूळ खेळाशी किती जुळतो एवढ्यावर होते. ही फूटपट्टी मला अपुरी वाटते. मोठ्या शहरातले नाटक दौऱ्यावर निघते तेव्हा टेम्पोत मावेल तेवढेच नेपथ्य बरोबर घेता येते. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवताना दिग्दर्शकाला नाटकाचा प्राण कशात आहे याचे उत्तर द्यावेच लागते. घरगुती आवृत्ती लिहिणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरने असेच उत्तर दिलेले आहे. ती उत्तरे शेजारी शेजारी ठेवून वाचली तर मूळ खेळावरचे ते उत्तम भाष्य ठरते.

सर्वांत प्रसिद्ध उत्तर रिक मॉरर यांचे. अटारीचे १९७७ चे घरगुती यंत्र, जे पुढे २६०० या आकड्याने ओळखले गेले, ते मुळात चेंडू-फळी आणि रणगाडे अशा साध्या खेळांसाठी आखलेले. स्मृती १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. पडद्याचे चित्र साठवायला जागाच नाही, म्हणून टीव्हीचा किरण एकेक ओळ रेखत असतानाच प्रोग्रामने त्या ओळीत काय दिसायचे ते पुरवत राहायचे. एका ओळीला प्रोसेसरचे ७६ ठोके मिळतात, त्यात जमले तर जमले. हलत्या आकृती दोनच, शिवाय गोळ्या आणि चेंडूसाठी ठिपके. अशा यंत्रावर शत्रूंची फौज कशी उभी करायची? या यंत्रात एका आकृतीच्या तीन प्रती ठरावीक अंतरावर उमटवण्याची सोय होती. दोन आकृतींच्या तीन-तीन प्रती एकमेकींत गुंफल्या की एका रांगेत सहा शत्रू झाले. किरण खाली सरकला की त्याच दोन आकृतींना नवा आकार देऊन दुसरी रांग. अशा सहा रांगा, म्हणजे छत्तीस. आडोसे चाराऐवजी तीन. सगळा खेळ चार किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये.

मॉरर यांनी काय गाळले हे दिसतेच. काय राखले ते पाहा. एकच गोळी राखली. उतरता ठोका राखला. आणि वेग राखला, जो त्यांना आयता मिळणारच नव्हता. त्यांच्या यंत्रावर पूर्ण फौज दर वेळी नव्याने रेखली जाते, तिचे पाऊल एकदम पडते. शत्रू घटल्याने वेग आपोआप वाढण्याचे काही कारण नाही. मूळ यंत्रात जे प्रोसेसरच्या मंदपणातून उगवले ते इथे कुणीतरी जाणीवपूर्वक लिहिले आहे. खेळाचा प्राण वेगाच्या चढत्या आलेखात आहे हे ओळखूनच ते केले गेले. त्याशिवाय त्यांनी खेळाचे ११२ प्रकार दिले: अदृश्य शत्रू, हलते आडोसे, नागमोडी येणाऱ्या गोळ्या, दोघांनी एकाच वेळी खेळायचे डाव. घरात भावंडे असतात, पुन्हा पुन्हा नाणे टाकायचे नसते, हे जाणून केलेली ही भर आहे.

१९८० मध्ये ते कार्ट्रिज बाजारात आले. आर्केडच्या खेळाचा रीतसर परवाना घेऊन घरगुती कन्सोलवर आणलेला हा पहिला खेळ. त्याच्यासाठी लोकांनी यंत्र विकत घेतले. दहा लाखांवर खपलेले ते पहिले कार्ट्रिज मानले जाते. त्याच वर्षी अटारीने याच आवृत्तीवर अमेरिकेत राष्ट्रीय स्पर्धा घेतली. ती जिंकणाऱ्या रिबेका हायनमन पुढे स्वतः नामवंत प्रोग्रामर झाल्या आणि इंटरप्ले कंपनीच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. कार्ट्रिजवर मात्र मॉरर यांचे नाव नव्हते. अटारी तेव्हा प्रोग्रामरची नावे छापत नसे, आणि याच नाराजीतून तिथले चार प्रोग्रामर १९७९ मध्ये बाहेर पडून त्यांनी ॲक्टिव्हिजन सुरू केली होती. ज्याने कंपनीला एवढे मिळवून दिले त्याचे नाव खेळणाऱ्यांना वर्षानुवर्षे ठाऊकही नव्हते, याचा मला आजही राग येतो. म्हणून या पुस्तकात जिथे जिथे नाव सापडले तिथे तिथे ते ठळकपणे दिले आहे.

अटारीच्याच ४०० आणि ८०० या संगणकांसाठी रॉब फुलॉप यांनी केलेली आवृत्ती अगदी उलट्या टोकाची. यंत्र कितीतरी समर्थ, पण फुलॉप यांनी नक्कल करायचे नाकारले. त्यांच्या खेळात डावीकडे एक उंच अग्निबाण उभा असतो आणि शत्रू त्यातून बाहेर पडतात. आडोसे नाहीतच. मला ही आवृत्ती मनापासून आवडत नाही. आडोसा नसला की लपणे आणि बाहेर पडणे यांतला ताण जातो, आपल्याच गोळीने आपलेच छप्पर पोखरण्याची गंमतही जाते. पण तिच्यामुळेच आडोशांचे मोल मला नीट कळले, आणि म्हणून तिला पुस्तकात भरपूर जागा आहे.

मॉरर आणि फुलॉप यांचे हे दोन पंथ झाले. तिसरा पंथ परवान्याशिवाय बनवलेल्या प्रतिरूपांचा. आर्केडमध्ये निन्टेंडोचा ‘स्पेस फीव्हर’ होता. घरी मॅटेलच्या इंटेलिव्हिजनवर ‘स्पेस आर्माडा’, ब्रिटनमध्ये सिंक्लेअरच्या संगणकांवर सायॉनचा ‘स्पेस रेडर्स’, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या संगणकावर ‘टीआय इन्व्हेडर्स’. मासिकांत छापलेले बेसिकमधले प्रोग्राम तर मोजता येणार नाहीत. मुले ते ओळीओळीने टंकून घेत, चुका शोधत, आणि त्यातूनच कितीजण प्रोग्रामिंग शिकले. या पंथाकडे चोरीचा माल म्हणून पाहिले जाते, आणि कायद्याच्या नजरेतून ते योग्यही असेल. शिकणाऱ्याच्या नजरेतून मात्र पंचावन्न शत्रू हा एका पिढीचा धुळाक्षरांचा पाट होता.

चौथा पंथ हुबेहूबपणाचा. १९८५ मध्ये टायटोने स्वतः निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर खेळ आणला तोवर घरगुती यंत्रे मूळ यंत्राच्या पुढे गेली होती. अडचणच उरली नाही तेव्हा निवडही उरली नाही, आणि या आवृत्त्यांबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. १९९४ च्या गेम बॉय आवृत्तीत एक गमतीची गोष्ट आहे: ती सुपर गेम बॉय या जोडणीतून मोठ्या कन्सोलला जोडली की टीव्हीच्या पडद्यावर मूळ आर्केडसारखा खेळ उघडतो. पाचवा पंथ पुनर्कल्पनेचा. २००८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स एक्स्ट्रीम’ ठोक्याला संगीताचा पाया बनवतो, आणि पाठोपाठ आलेला ‘इन्फिनिटी जीन’ स्पेस इन्व्हेडर्सपासून सुरू होऊन खेळता खेळता नेमबाजीच्या खेळांच्या पुढच्या टप्प्यांत उत्क्रांत होत जातो. मॉरर यांच्यानंतर मूळ खेळाचे इतके चांगले वाचन मला याच दोघांत दिसले.

खेळाबाहेरच्या जगाने त्याला कसे घेतले हाही एक मोठा भाग आहे, त्यातले दोन-तीन प्रसंग इथे नोंदवतो. मे १९८१ मध्ये ब्रिटिश संसदेत जॉर्ज फोक्स या सदस्याने अशा यंत्रांवर नियंत्रण आणणारे विधेयक मांडायची परवानगी मागितली. ९४ विरुद्ध ११४ मतांनी ती नाकारली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिलिपिन्समध्ये मार्कोस राजवटीने व्हिडिओ गेम यंत्रांवर सरसकट बंदी घातली. आणि डिसेंबर १९८२ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने ‘स्पेस इन्व्हेडर्स पार्ट टू’च्या नकलेच्या खटल्यात चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम हा लेखनकृतीसारखा स्वामित्वहक्काने संरक्षित आहे असा निकाल दिला. तीन वर्षांनी जपानने कायद्यात तशी स्पष्ट तरतूद केली. आज सॉफ्टवेअरच्या हक्कांबद्दल जे वाद चालतात त्यांच्या मुळाशी हा खेकडा आहे, हे संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या फार थोड्यांना माहीत असते.

हे सगळे आत्ताच का लिहायचे? कारण मूळ यंत्रे मरत आहेत. काचेच्या नळीचे पडदे कोणी बनवत नाही. असलेले दुरुस्त करणारे हात कमी होत आहेत. जुनी आर्केड यंत्रे संगणकावर आभासी रीतीने चालवणाऱ्या, १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेल्या मेम या प्रकल्पामुळे प्रोग्राम वाचले, पण यंत्र म्हणजे नुसता प्रोग्राम नव्हे. स्पेस इन्व्हेडर्सचे बरेच आवाज प्रोग्राममध्ये नाहीतच. ते सर्किटातल्या विजेच्या चढउतारातून निघतात. म्हणून संगणकावरच्या इम्युलेटरला, म्हणजे मूळ यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला, कितीतरी काळ खऱ्या यंत्रावरून ध्वनिमुद्रित केलेले आवाज वाजवावे लागले. प्रोग्राम आला, आवाज मागे राहिला. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हा खेळ आपल्या संग्रहात घेतला तेव्हा कोणती वस्तू जपायची, कपाट, चिप, प्रोग्राम की खेळण्याचा अनुभव, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. आपल्याकडे तर खेळांच्या कार्ट्रिजची, सुट्या यंत्रांची नोंदही कुठे नीट ठेवलेली नाही. माळ्यावरची खोकी भंगारात जाण्याआधी उघडून पाहिली पाहिजेत.

या पुस्तकाचा बेत मर्यादित आहे. व्हिडिओ गेमचा सगळा इतिहास सांगायचा नाही. एक खेळ घ्यायचा, त्याचे नियम उलगडायचे, यंत्र समजून घ्यायचे, मग तो ज्या ज्या घरात गेला तिथे त्याच्या मागोमाग जायचे. तांत्रिक भाग टाळलेला नाही; प्रोग्रामिंग न येणाऱ्या वाचकाला तो समजावा म्हणून आकृत्या मात्र भरपूर काढल्या आहेत. काही आवृत्त्या मुद्दाम सोडल्या: खेळसंग्रहांत नुसत्या इम्युलेटरसह बांधलेल्या, आणि नाव तेवढे घेऊन दुसराच खेळ विकणाऱ्या. जार्व्हिस यांच्या कंपनीने २०१७ मध्ये बनवलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स फ्रेन्झी’ हा भव्य पडद्याचा आर्केड खेळ घरगुती नसूनही घेतला आहे, कारण ‘डिफेंडर’च्या कर्त्याने निशिकादो यांच्या फौजेकडे परत वळून पाहणे मला टाळता येईना.

वाचण्याआधी शक्य झाले तर मूळ खेळ आणि २६०० ची आवृत्ती दोन्ही थोडी थोडी खेळून घ्या. मूळ खेळाचा पडदा उभा आहे. इम्युलेटरमध्ये तो आडवा ताणला गेला असेल तर आधी तो उभा करा, नाहीतर शत्रू खाली उतरायला किती वेळ घेतात याचा अंदाज चुकतो. आवाज बंद ठेवू नका. आणि एकच शत्रू उरेल तेव्हा गोळी झाडण्याची घाई न करता त्याला दोन फेऱ्या मारू द्या, म्हणजे तिसऱ्या प्रकरणातला वेगाचा तक्ता वाचताना तो नुसता तक्ता वाटणार नाही.